नऊ मुलांचा पत्ता

मला रिकामा रकाना बघवत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून, आणि तपासणीला आलेल्या एकाही साहेबांना माझ्या जनरल रजिस्टरात लाल शाई वापरावी लागली नाही. मुलाची जन्मतारीख माहीत नसली की बाकीचे मास्तर सरसकट एक जून लिहून मोकळे होत. मी आईला समोर बसवून खोदून खोदून विचारत असे, पोर झालं तेव्हा भात लावणीला होतं की कापणीला, गणपती होऊन गेले होते की यायचे होते. तारीख निघेपर्यंत मी त्या बाईला उठू देत नसे. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता. त्या अभिमानाने एका मुलीचं काय केलं ते मी कितीतरी वर्षं कुणाला सरळ सांगितलं नव्हतं. आता सेवानिवृत्त आहे, कुणी मेमो द्यायचा राहिलेला नाही, तेव्हा सांगते.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधलं. नाव लिहीत नाही, माझेच विद्यार्थी तिथे आता सरपंच होतात. गावाच्या एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला शेतं, शेतांपलीकडे खाडी. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच्या लांब बांध, आणि बांधाच्या आतल्या कुशीला मिठागरावर राबणाऱ्यांची वीसेक घरांची वाडी होती. एका अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली. पाणी आत आलं आणि मग दर भरतीला येतच राहिलं. घरं मातीची. पंधरा दिवसांत सगळी वाडी खाली बसली. पंचनामा झाला, भाताची आणि डाळीची पाकिटं वाटली गेली, साहेब लोक बांधावर उभे राहून फोटो काढून गेले. ज्यांचे सोयरे होते ते जित्याला, डोलवीला निघून गेले. ज्यांचं कुणी नव्हतं अशी सात कुटुंबं स्टेशनच्या पुढे रुळाच्या उतारावर प्लास्टिक टाकून राहिली. चार महिन्यांत जातील असं सगळं गाव म्हणत होतं. मीही म्हणत होते.

वाडीची एकखोली शाळाही पाण्यात गेली होती. तिथली नऊ मुलं आमच्याकडे आली. दाखल करून घ्यायला काहीच अडचण नव्हती, मी त्याच दिवशी नावं लिहून घेतली. अडलं ते ‘राहण्याचे ठिकाण’ या रकान्यापाशी. वाडी लिहावी तर वाडीतल्या घरांवर पंचायतीने काट मारलेली. ‘रुळाच्या कडेला’ असं काही मी लिहिणं शक्य नव्हतं. रकाना मोकळा ठेवणं त्याहून शक्य नव्हतं. मी भाड्याने राहत होते त्या घराचा नंबर एकशे सात. मी नऊही मुलांपुढे सुंदर अक्षरात ‘घर क्र. १०७’ लिहिलं, वर टीपकागद दाबला आणि विसरून गेले. तात्पुरतं तर होतं.

त्या नऊ जणांत सगळ्यात मोठी एक मुलगी होती. पाचवीत होती तेव्हा. मी तिला मोठी म्हणायची, सगळेच म्हणायचे. बारीक, काळीसावळी, उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायची. दोन वर्षं झाली, तिचं कुटुंब त्याच प्लास्टिकखाली होतं. सातवीच्या वर्षी एकदा तिने गणिताची वही दिली ती उघडेना. पानं फुगून एकमेकांना चिकटलेली, शाई वाहून गेलेली. मला वह्यांची हेळसांड खपत नसे. मी तिला हात पुढे करायला सांगितलं आणि एक छडी दिली. ती जागेवर जाऊन बसली. तिच्या धाकट्या बहिणीने मात्र दुसरीच्या वर्गातून येऊन मला सुनावलं, “बाई, ती वही तिनं डोकीखाली घेतली व्हती. खालून पानी आलं त्याला ती काय करनार?”

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा रुळाच्या उतारावर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आत उभं राहता येत नव्हतं. चुलीजवळ सुकटीची पिशवी उंच टांगलेली होती आणि तिच्याच शेजारी, तितकीच उंच, मुलींची दप्तरं. आईने मला बसायला पाट दिला आणि ती स्वतः ओल्या मातीवर बसली. “अभ्यास कुठे करता गो?” मी विचारलं. मुलगी म्हणाली, “शाळंत.” मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चहा न घेताच उठले. पुढे मला कळलं, मी तिच्या हातचा चहा नाकारला असंच त्या माउलीला वाटलं होतं.

तेव्हापासून नऊ मुलांची दप्तरं शाळेच्या कपाटात राहू लागली. मुलं सकाळी साडेसहालाच व्हरांड्यात येऊन बसत, संध्याकाळी दिसेनासं होईपर्यंत बसत. पण मिठागर गेल्यापासून आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात आणि मुलांनाही नेत. मोठीला तिच्या आईने सातवीपर्यंत कसंबसं मागे ठेवलं होतं, आत्याकडे. मग आत्याही भट्टीवर जाऊ लागली. जूनमध्ये मोठी रोह्याच्या हायस्कुलात आठवीला बसली, रोज गाडीने जाऊ लागली. तिच्या आईने मला स्पष्ट सांगितलं, “बाई, दिवाळीपातुर. नंतर आमी भट्टीवर जानार. वयात आलेली पोर एकटी प्लास्टिकखाली कशी ठेवू? तुमी ठेवली असती काय?”

तिचं म्हणणं काय चुकीचं होतं? तेव्हा जे करायचं ते दिवाळीच्या आत करायला हवं होतं.

पंचायतीच्या कचेरीमागे एक खोली होती. पूर्वी तिथे रेशनचं धान्य उतरायचं, आता मोडक्या खुर्च्या आणि घुशी. मी ठरवलं, ही खोली मुलांना मिळवायची. कौलं नीट करायची, दोन दिवे, एक मोरी, आणि रात्रीचा भात रांधून तिथेच झोपणारी एक बाई. आधी मी पेणला गेले, मग रोह्याला. जिथे गेले तिथे खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि एकच वाक्य मिळालं, “बाई, पंचायतीचा ठराव आणा, मग बघू.” पंचायतीकडे पैसा नव्हता असं नाही. जवळ कंपनीची गोदामं झाली होती, त्यांची पट्टी येऊ लागली होती. त्या पैशांवर गावाचे डोळे होते. कुणाला गटार हवं होतं, कुणाला देवळापुढे मंडप. मी घरोघर फिरले. मी गोड बोलणारी बाई नव्हे. एका शेतकऱ्याने “आधी गावाचं बघा, मग बाहेरच्यांचं” म्हटलं तेव्हा मी त्याला विचारलं, “तुमच्या भाताला बांध राखून देणारे बाहेरचे कधीपासून झाले?” उधाणाच्या दिवसांत बांधावर माती टाकायला याच वाडीतली माणसं पहिली धावत. त्याने मान डोलावली. पण मत देईल की नाही याची खात्री नव्हती.

ग्रामसभा गांधी जयंतीला होती, आमच्याच शाळेच्या पटांगणात. आठवडाभर आधी ग्रामसेवक शाळेत आले. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. सरळ माणूस. म्हणाले, “बाई, प्रस्तावाला मुलांची यादी जोडू. तुमच्या रजिस्टरावरून उतरवून द्या, शिक्का मारून.” मी त्याच दुपारी बसून यादी केली. नाव, जात, जन्मतारीख, इयत्ता, राहण्याचे ठिकाण. पट्टीने रेघा आखल्या. नऊ वेळा घर क्रमांक एकशे सात माझ्याच हाताने, माझ्याच वळणदार अक्षरात उतरवलं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. लिहिण्याची इतकी सवय की वाचायचं भान राहिलं नाही.

सभेच्या सकाळी मी आणखी एक शहाणपण केलं. नऊही मुलांना घरी बोलावलं, न्हाऊ घातलं, गणवेशांना माझी इस्त्री फिरवली. मोठीच्या दोन वेण्या मी स्वतः घातल्या. चार माणसांत मुलं नीट दिसायला हवीत, एवढाच माझा विचार. मग त्यांना नेऊन पटांगणात मागच्या ओळीत बसवलं.

माझा विषय शेवटी आला. मी बोलले, चांगलं बोलले. पुढून कुणीतरी मागे वळून मुलांकडे पाहिलं आणि म्हणालं, “ही बेघर? आमच्या पोरांपेक्षा झ्याक दिसतात!” लोक हसले. त्यानंतर भाऊसाहेबांनी यादी वाचायला घेतली. पहिलं नाव, पत्ता. दुसरं नाव, पत्ता. तिसऱ्याला ते स्वतःच थांबले. सगळा कागद खालपर्यंत पाहून त्यांनी चष्मा काढला.

“बाई, या नऊ मुलांचा पत्ता घर क्रमांक एकशे सात आहे.”

माझे घरमालक पहिल्या ओळीतच होते. ते उठून म्हणाले, “आयला! नऊ पोरं ठेवलीन आनि मला पत्ता नाय?” सभा पोट धरून हसली. मीही हसायला हवं होतं आणि हसत हसत खरं सांगून टाकायला हवं होतं.  पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा कायमचा दस्त. त्यात खोटी नोंद, एक नाही, नऊ.

भाऊसाहेबांनी मला वाट करून दिली होती. ते हळूच म्हणाले, “लिहिताना काही चूक झाली असेल तर सांगा. आत्ता दुरुस्ती लिहून घेतो, विषय पुढे जाईल.”

सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. त्या वर्षी माझं नाव जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी गेलेलं होतं. पुढच्या महिन्यात तपासणी होती. खोटं मी लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “बघून सांगते,” आणि खाली बसले.

सरपंचांनी विषय मिटवला. तेही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “कागद जुळवून बाई पुढच्या सभेत आणतील. पोरं खरंच शिकणारी असली तर खोलीला कोण नाय म्हनतो?” मग गटाराचा ठराव झाला, नारळ फुटला, लोक उठले.

मुलं पांगली. मोठी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. “बाई, नाय झालं?”

“या वेळी नाही झालं गो. पुढच्या वेळी बघू.”

“बरं,” ती म्हणाली. का झालं नाही हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढची सभा सव्वीस जानेवारीला होती आणि दिवाळी त्याच्या कितीतरी आधी, हे आम्हा दोघींना माहीत होतं. भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी ट्रक येऊन सात कुटुंबांतली पाच घेऊन गेला. मी फाटकात उभी होते. ती मागे, चुलीच्या दगडांवर बसली होती. तिने अर्धाच हात वर केला.

पुरस्कार मिळाला नाही. त्याचं मला तेव्हा दुःख झालं, हेही लिहून ठेवते. त्यानंतरचे दोन महिने मी रोज हजेरी घेत होते आणि वाडीच्या मुलांतल्या पाच नावांपुढे ‘गै’ लिहीत होते. एकदा एका सकाळी मी ते अक्षर लिहिता लिहिता थांबले. खरं लिहायला माझा हात चालतो, फक्त ते दुसऱ्याच्या माथी लागत असलं म्हणजे चालतो. त्या दिवशी मी शिक्षण विभागाला पत्र लिहिलं: नऊ नोंदी मी जाणूनबुजून चुकीच्या केल्या, मुलांना घर नाही. त्याची एक प्रत भाऊसाहेबांना दिली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “बाई, दिवाळीआधी दिली असतीत तर...” मग बोलणं अर्धंच सोडून त्यांनी तारखेचा शिक्का मारला.

प्रजासत्ताक दिनाच्या सभेत मी तेच पत्र वाचून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. पहिला हात माझ्या घरमालकांनी वर केला. “काढा पोरांना माज्या घरातून आनि घाला खोलीत,” ते म्हणाले, आणि मग हात वर होत गेले. बांधावरून ज्याच्याशी माझं भांडण झालं होतं त्यानेही हात वर केला. माझी एक वेतनवाढ थांबली. त्याचं काही नाही. शिक्षा व्हायला हवी होती.

पुढच्या रविवारी मी एसटीने पेणला गेले आणि तिथून चालत, विचारत विचारत भट्टी गाठली. मोठी विटा पाडत होती. कोपरापर्यंत चिखल. मला बघून उभी राहिली. मी धावत जाऊनच सांगितलं, “खोली मिळाली! आजच चल, रोह्याच्या हेडमास्तरांशी मी बोलते, वर्ष वाया जाणार नाही.” तिची आई पदराला हात पुसत आली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तिचं ठरीवलं. वैशाखात लगीन हाय. मानूस चांगला हाय, पेनचाच.”

“चौदा वर्षांची आहे ती!”

“मला ठाव हाय कितीची हाय. मीच तिला जनलीय.” आवाज चढला नाही तिचा. “तुमी आला नाय तवा. मी वाट बघितली बाई. दिवाळी झाली तरी चार दिस ट्रक थांबवून ठेवला मुकादमानं, माज्यासाटी.”

मी कायद्याच्या गोष्टी बोलले, धमकी दिली, रडलेही. मोठी नुसती उभी होती. शेवटी आईने धाकटीला हाताला धरून पुढे केलं. “हिला ठेवा. हिच्यासाटी तरी येळ झाला नसल.” परत येताना माझ्याबरोबर एसटीत ती धाकटी होती, तिसरीतली, खिडकीशी बसून चणे खात. वरातीमागून घोडं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

खोली पुढे बारा-तेरा वर्षं चालली. पैसे एकदा मंजूर झाले म्हणजे कायमचे झाले असं नसतं. दर वर्षी सभेत उभं राहायचं, दर वर्षी कुणीतरी गटार काढायचं, दर वर्षी मी भांडायची. नवीन मुलंही येत गेली, भट्टीवाल्यांची, कंपनीत ठेकेदाराकडे आलेल्या माणसांची. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे मी ‘घर नाही’ असं लिहीत असे, आणि एकदा साहेबांनी त्याभोवती लाल गोल केला तर मी तो तसाच राहू दिला. धाकटी तिथूनच बारावी झाली. आता ती अंगणवाडी चालवते. लोक मला तिचं नाव घेऊन शाबासकी देतात तेव्हा मी विषय बदलते.

मागच्या वर्षी घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला पेणच्या एका कारखान्यात गेले होते. आषाढ होता, फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या आणि बायका त्यांना कागद मारून गुळगुळीत करत बसल्या होत्या. त्यातली एक उठून माझ्यापाशी आली. केस पांढरे झालेले, भुवयांवर पांढरी भुकटी.

“बाई, वळखलंत काय?”

मी ओळखलं. मोठीच होती. तिने मला स्टूल दिलं आणि स्वतः पुन्हा कामाला बसली. कसं चाललंय विचारलं. चांगलं चाललं होतं. नवरा खरंच बरा निघाला होता. बहिणीचा तिला अभिमान होता. मी उठायला लागले तेव्हा ती मूर्तीकडेच बघत म्हणाली, “येक विचारू? रागवू नका.”

“विचार की.”

“त्या सभंत सरपंच बोलले व्हते, पोरं शिकनारी असली तर खोली देऊ. आनि मग तुमी खाली बसलात.” तिचा हात चालूच होता. “मागनं सगळ्यांना खोली मिळाली. भनीला मिळाली. म्हंजे तवा माज्यामुळं नाय मिळाली का? मी शिकनारी नव्हते म्हनून? वही खराब केली व्हती, त्याची छडी पन खाल्ली व्हती मी. तुमाला माज्याबद्दल सांगाया काय सुचलं नसंल.”

तीस वर्षांहून जास्त ती हे मनात घेऊन होती.  मी पुन्हा स्टुलावर बसले आणि तिला सांगितलं. एकशे सात नंबर, रकाना, पुरस्कार, भाऊसाहेबांनी दिलेली संधी, आणि मी भ्यायले ते. सगळ्या वर्गात तिचं गणित पहिलं होतं, हेही सांगितलं. ते मी तिला शाळेत असताना कधी बोलले नव्हते.

तिने हातातला कागद खाली ठेवला.  मला वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली तर बरं होईल.

“म्हंजे मी ढ नव्हते,” ती म्हणाली.

“नाही गो. मुळीच नव्हतीस.”

पलीकडच्या ओळीत एक तरुण बाई मूर्तीच्या हाताला कागद मारत होती. मोठीने तिला हाक मारली, “हिकडं ये गो.” ती आली. “ही माजी मुलगी,” मला म्हणाली, आणि मग, “बाई, आत्ता बोललात ते हिच्यासमोर बोला. मी सांगितलं तर खरं वाटनार नाय हिला.”

कारखान्यातल्या बाकीच्या बायकांचेही हात थांबले होते. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, भ्यायल्याचंही.